लांब केसांत टिकणारे कर्ल्स, घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांब केस म्हणजे या पानापुरते खांद्याखाली निदान वीतभर उतरलेले केस. त्यांच्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे क्रमांक दिला आहे. पहिलं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचावं, पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

१. कर्ल केले की तासाभरात केस पुन्हा सरळ होतात. माझ्या केसांतच काही दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे काही बंध पक्के असतात, काही कच्चे. कच्च्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. पाणी लागलं किंवा केस तापला की ते सुटतात. केस वाळला किंवा निवला की पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल तो आकार धरतात. म्हणजे रॉडवर (कर्ल करायच्या, विजेवर तापणाऱ्या दांड्यावर) केस नुसता मऊ पडतो. कर्ल धरतो तो रॉडवरून उतरल्यानंतर, निवताना. आणि नेमकी तीच मिनिटं आपण वाया घालवतो: गरम बट सोडून देतो आणि पुढची हातात घेतो.

आखूड केसांत हे खपून जातं. लांब केसांत सगळ्यात वरच्या वेढ्यावर खालच्या पूर्ण बटेचा भार येतो, बट ताणलेल्या अवस्थेत निवते आणि तशीच राहते. त्यात सिरमचा (केस गुळगुळीत दिसावेत म्हणून लावतात त्या द्रवाचा) थर, जरुरीपेक्षा जाड रॉड किंवा दमट हवा यांची भर पडली की कर्ल संपला.

२. मग रॉडने कर्ल करताना नक्की काय करायचं? पहिल्यापासून सांगा.

केस पूर्ण कोरडे आणि गुंता काढलेले हवेत. हीट प्रोटेक्टंट मारा (प्र. ५) आणि तो वाळू द्या. कानाच्या वरचे केस उचलून डोक्यावर बांधून ठेवा आणि मानेजवळून सुरुवात करा. बट रॉडच्या जाडीपेक्षा रुंद घेऊ नका. लांब केसांत लोक हमखास इथे घसरतात, कारण कंटाळा येतो आणि बटा जाड होत जातात. जाड बटेत बाहेरचे केस भाजतात आणि आतले जेमतेम कोमट होतात.

बट सपाट ठेवून गुंडाळा, पिळू देऊ नका. टाळूपासून दोन-तीन बोटं अंतर सोडा. आठ ते दहा सेकंद पुरतात.

आता खरं काम. रॉड खाली ओढून काढू नका. चिमटा उघडा, रॉड आडवा सरकवून बाहेर घ्या, आणि गरम वेटोळं खाली ओघळायच्या आत तळहातावर झेला. त्याच वळणाने ते गुंडाळत टाळूपर्यंत न्या आणि चपट्या क्लिपने तिथेच अडकवा. वेटोळ्याच्या मध्ये पोकळी राहिली पाहिजे. क्लिपने ते चेपलं तर घडी पडते आणि ती घडी दिवसभर दिसते. सगळं डोकं असं क्लिपांनी भरलं की अर्धा तास दुसऱ्या कामाला लागा. मग एका वेटोळ्याच्या मधोमध बोट घालून पाहा. जराही ऊब लागली तर अजून थांबा. घाई असेल तर ड्रायरची थंड हवा द्या, कोमट नव्हे.

क्लिपा खालून वर एकेक काढत जा. लगेच बोटं घालू नका. हेअरस्प्रे हातभर अंतरावरून हलकेच मारा, तो वाळला की मग बोटांनी बटा मोकळ्या करा.

३. रॉड किती जाडीचा घ्यावा?

लांब केसांसाठी २५ मि.मी. हे सगळ्यात कमी निराश करणारं माप आहे. दुकानातल्या खोक्यावर सैल, मोठ्या लाटांचं चित्र असतं ते पाहून बरेच जण ३८ मि.मी.चा घेतात. सरळ, लांब, वजनदार केसांवर त्याने टोकाला फक्त बाक येतो, आणि तोही दुपारपर्यंत. कर्ल उतरताना सैल होणारच, हे धरून चालायचं: हवा त्यापेक्षा एक माप बारीक घ्या. ३२ मि.मी.ची लाट हवी असेल तर २५चा रॉड. केस मुळातच राठ आणि आकार धरणारे असतील तर ३२ चालतो. १९ मि.मी.चा घट्ट, बारीक कर्लसाठी. पण लांब केसांत त्याला वेळ फार लागतो.

निमुळता, चिमटा नसलेला रॉड वापरत असाल तर टोकं बारीक बाजूला येतात आणि लाट वरून सैल, खाली घट्ट होते. तो वापरताना हातमोजा घाला.

४. तापमान किती ठेवू?

बारीक किंवा रंगवलेले केस: १२० ते १५० अंश सेल्सिअस. मध्यम: १५० ते १८०. जाड, राठ, कधीच रंग न लावलेले: १८० ते २००. त्यापुढे जायचं कारण नाही. काही यंत्रांवर २३० चा आकडा असतो, म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही. १६० अंशावर कर्ल धरत नसेल तर आकडा वाढवायच्या आधी बट निम्मी करून पाहा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. ज्या रॉडला आकडेच नाहीत, नुसता चालू-बंद बटण आहे, तो बारीक केसांवर वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

५. हीट प्रोटेक्टंट खरंच लागतो का? त्याऐवजी तेल चालेल?

लागतो. त्यातली सिलिकोन आणि पॉलिमर केसावर पातळ थर धरतात, उष्णता जरा सावकाश आणि सारखी पोचते, घर्षण कमी होतं. तो कवच नाही. २२० अंशावरचं नुकसान तो थांबवत नाही, कमी करतो इतकंच. तेल नको. तेलाने केस निसरडा आणि जड होतो, आणि टिकणाऱ्या कर्लला या दोन्ही गोष्टी मारक आहेत. शिवाय तापलेलं तेल केसाबरोबर टाळूलाही चटका देतं. तेलाचा एखादा थेंब सगळं झाल्यावर टोकांना लावा.

६. केस थोडे ओलसर असताना रॉड लावला तर कर्ल जास्त टिकतो, हे खरं?

ओल्या केसाला आकार चांगला बसतो हे खरं, पण तो सावकाश वाळताना (प्र. ९). ओल्या केसावर तापलेला रॉड लावला की केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि केसात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. अशा ठिकाणी केस पुढे तुटतो. बट गुंडाळल्यावर चर्र असा आवाज आला तर लगेच सोडा आणि ड्रायर घ्या.

७. धुतल्या दिवशी कर्ल करावे की दुसऱ्या दिवशी?

दुसऱ्या दिवशी. नुकत्याच धुतलेल्या, कंडिशनर लावलेल्या केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि वेढे एकमेकांवरून घसरतात. धुतल्या दिवशीच करणं भाग असेल तर कंडिशनर फक्त खालच्या तिसऱ्या हिश्शाला लावा, नीट धुऊन काढा आणि मूस (आकार धरायला मदत करणारा फेस) लावून केस वाळवा.

काही केलं तरी कर्ल धरतच नाही असं असेल तर महिन्यातून एकदा क्लॅरिफायिंग शाम्पू लावून पाहा. सिरम आणि कंडिशनरचा साठलेला थर त्याने निघतो. हा शाम्पू रोजचा नाही, आणि रंगवलेल्या केसांचा रंग त्याने लवकर उतरतो.

८. मूस, जेल, सेटिंग लोशन, हेअरस्प्रे: काय कधी लावायचं?

मूस आणि सेटिंग लोशन केस ओलसर असताना, म्हणजे आकार द्यायच्या आधी. लांब केसांना मूस दोन अंड्यांएवढा घ्या आणि मुळांपासून न लावता कानाच्या खाली पसरवा. जेल उष्णतेशिवायच्या पद्धतींसाठी आणि मुळात कुरळ्या केसांसाठी. हेअरस्प्रे शेवटी. काही जण प्रत्येक बटेवर आधी स्प्रे मारून लगेच रॉड लावतात. ओला स्प्रे रॉडवर करपतो, चिकट थर बसतो आणि पुढच्या बटा अडकून ओढल्या जातात. आधी मारायचाच असेल तर पुसटसा मारा आणि पूर्ण वाळू द्या. सिरम शेवटी, अगदी टोकांना, आणि कमीत कमी.

९. उष्णता अजिबात न वापरता लांब केसांत कर्ल होतात का?

होतात, आणि लांब केसांना तर ही पद्धत रॉडपेक्षा जास्त मानवते, कारण केस वेढ्यातच वाळतो आणि वेढ्यातच आकार धरतो. साधन साधं: गाउनचा कापडी पट्टा, लांब मोजे किंवा मऊ कापडाची गुंडाळी.

केस धुऊन ऐंशी-नव्वद टक्के वाळू द्या. हाताला गार लागले पाहिजेत, पण पिळल्यावर ओल येता कामा नये. थोडा मूस किंवा पातळ जेल लावा. मधोमध भांग पाडा, पट्टा डोक्यावर आडवा ठेवा आणि टाळूवर एका क्लिपने पक्का करा. आता एका बाजूची पुढची बट घ्या, पट्ट्याभोवती चेहऱ्यापासून लांब जाईल अशी गुंडाळा. पुढच्या प्रत्येक वेढ्याला मागचे थोडे केस त्यात मिसळत जा. कानामागचे केस संपले की उरलेला शेपटा सारख्या ताणाने पट्ट्यावर गुंडाळत टोकापर्यंत न्या आणि रबराने बांधा. दुसरी बाजूही तशीच. ताण सारखा हवा. घट्ट हवा असं नाही. कपाळाची कातडी ओढली जात असेल तर सोडून पुन्हा बांधा, कारण रोज असा ओढ बसला तर कपाळावरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात.

सकाळी पूर्ण वाळल्याची खात्री करून (प्र. १०) रबर काढा आणि पट्टा वरून ओढून घ्या. सुरुवातीला लाटा फार घट्ट वाटतील. हात लावू नका, अर्ध्या तासात त्या आपोआप सैल होतात.

१०. रात्रभर बांधून ठेवले तरी सकाळी आतले केस ओलेच असतात आणि सोडले की सरळ होतात. का?

बांधताना केस जास्त ओले होते. वेढ्याच्या आत हवा खेळत नाही, त्यामुळे जे पाणी मोकळ्या केसातून दोन तासांत गेलं असतं ते तिथे रात्रभर कोंडून राहतं. आणि ओला केस म्हणजे बंध अजून सुटलेलेच (प्र. १). केस दाट असतील तर बांधायच्या आधी ड्रायरने मुळं तरी कोरडी करून घ्या. सकाळी ओल सापडली तर सोडायची घाई करू नका. तसंच बांधलेलं ठेवून दहा मिनिटं कोमट आणि मग दोन मिनिटं थंड हवा द्या. सगळं सोडायच्या आधी मानेजवळची एकच बट सोडून बघायची सवय लावून घ्या, तीच सगळ्यात शेवटी वाळते.

११. वेण्या घालून झोपले तर नागमोडी केस होतात, गोल कर्ल होत नाहीत. कुठे चुकतं?

काही चुकत नाही. तीन पेडांच्या वेणीत केस डावी-उजवीकडे दुमडला जातो, गोल फिरत नाही; त्यातून नागमोडच निघणार. गोल वळण हवं असेल तर दोन पेडांची पिळाची वेणी घाला किंवा पट्टा वापरा (प्र. ९). नागमोडच आवडत असेल तर वेण्यांची संख्या वाढवा: दोन वेण्यांना मोठी लाट, सहा-आठ वेण्यांना बारीक.

१२. वेल्क्रो रोलर, स्पंजचे रोलर, वाकणाऱ्या काड्या: लांब केसांसाठी कोणते?

वाकणाऱ्या काड्या, म्हणजे फ्लेक्सी रॉड. त्यांवर लांब बट गोल गोल चढत जाते आणि वरपासून खालपर्यंत सारखा कर्ल येतो. स्पंजचे रोलर झोपायला सोयीचे, पण लांब केस एकाच जागी थरावर थर चढतात, त्यामुळे टोकं घट्ट आणि वरचा भाग सैल. वेल्क्रोचे काम मुळांना उठाव देण्याचं. ते लांब केसांत कर्लसाठी वापरले की अडकतात, आणि ते सोडवताना जे केस तुटतात ते पाहवत नाहीत. टाळूवर पुढच्या दोन-तीन बटांपुरते वापरा.

१३. रॉड नाही, स्ट्रेटनर आहे. त्याने जमेल?

जमेल. बट चिमटीत पकडा, स्ट्रेटनर अर्धा फेरा फिरवा आणि न थांबता सावकाश खाली सरकवत न्या. मध्येच थांबलात तर तिथे घडी पडते. कडा गोल असलेला स्ट्रेटनर हवा. बट सुटली की हातावर गुंडाळून क्लिप लावणं इथेही आहेच (प्र. २).

१४. टोकं सरळच राहतात. आणि एका बाजूचे कर्ल चांगले, दुसऱ्या बाजूचे वाईट, असं का?

टोकं चिमट्याच्या बाहेर राहतात किंवा दुमडली जातात. चिमटा बटेच्या मध्यावर लावा, एक-दोन वेढे द्या आणि चिमटा किंचित सैल करत टोक आत ओढून घ्या. उष्णतेशिवाय करत असाल तर टोकाला पातळ कागदाची घडी लावून गुंडाळा, सुटे केस बाहेर येत नाहीत.

बाजूंचं उत्तर सोपं आहे: उजव्या हाताने काम करणाऱ्याचा हात डाव्या बाजूला अवघडतो, तिथे ताण आणि वेळ दोन्ही कमी पडतात. अवघड बाजू आधी करा, हात दमलेला नसताना.

१५. सगळे केस एकाच लांबीचे आहेत. कापल्याशिवाय कर्ल टिकणारच नाहीत का?

टिकतील, पण लेयर कापलेल्या केसांपेक्षा कमी. पूर्ण भार प्रत्येक बटेवर असतो. लांबी न घालवता खालच्या वीतभर भागात हलके लेयर घेतले तरी फरक पडतो. कापायचे नसतील तर कर्ल हनुवटीच्या खालीच करा. मुळापासून केलेला कर्लच आधी सुटतो.

१६. कर्ल झाल्यावर ब्रश फिरवावा का?

एकसंध, मोठ्या लाटा हव्या असतील तर हो, पण केस पूर्ण निवल्यावर आणि रुंद दातांचा कंगवा किंवा मऊ ब्रश घेऊन. सुटे कर्ल हवे असतील तर फक्त बोटं. ब्रशने कर्ल सैल होतो, तेव्हा ब्रश करायचा असेल तर मुळात घट्ट कर्ल करा.

१७. पावसाळी, दमट हवेत काहीच टिकत नाही. उपाय आहे?

पूर्ण उपाय नाही. हवेतला ओलावा केसात शिरतो आणि तेच कच्चे बंध सोडवतो. जे करता येतं ते असं: ग्लिसरीन असलेली उत्पादनं त्या दिवसांत टाळा, ती हवेतून पाणी ओढतात. मूस वाढवा, हेअरस्प्रेचे दोन पातळ थर द्या, मध्ये पहिला वाळू द्या. क्लिपा घराबाहेर पडायच्या अगदी आधी काढा. आणि अर्धे केस वर बांधा: मानेवर घामाला लागणारे केस कमी होतात, भारही कमी होतो.

१८. कर्ल दुसऱ्या दिवसापर्यंत राखायचे कसे?

केस डोक्याच्या अगदी वर गोळा करून सैल अंबाडा बांधा, रबर घट्ट नको, साटिनचा किंवा मऊ कापडी घ्या. उशीला साटिनचा अभ्रा घातला तर घासाघीस कमी होते. सकाळी पाण्याचा फवारा मारू नका, त्याने कर्ल सुटतो (मुळात कुरळ्या केसांची गोष्ट वेगळी, प्र. २३). पुढच्या दोन-चार बटांनाच पुन्हा रॉड लावा, बाकीचे तसेच राहू द्या.

१९. आठवड्यातून किती वेळा रॉड वापरला तर चालतो?

एकदा, फार तर दोनदा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या केसाचं टोक चार-पाच वर्षांचं असतं, आणि त्याने आतापर्यंतचं सगळं सोसलेलं असतं. टोकांवर पांढरे ठिपके, दुभंगलेले केस, ओला केस ओढल्यावर रबरासारखा लांबत जाणं: यातलं काही दिसलं की रॉड बंद, टोकं कापा आणि प्र. ९ कडे वळा.

२०. केस ब्लीच केले आहेत. कर्ल पटकन धरतात, पण पटकन जातातही. असं का?

ब्लीचने केसाचा बाहेरचा थर उघडा पडतो. पाणी आणि उष्णता लवकर आत शिरतात म्हणून धरतो लवकर. हवेतला ओलावाही तितक्याच लवकर शिरतो म्हणून सुटतोही लवकर. तापमान १५० च्या वर नेऊ नका आणि एका बटेवर दुसऱ्यांदा रॉड फिरवू नका. शक्यतो उष्णतेशिवायच करा.

२१. रिबॉन्डिंग केलेल्या केसांत कर्ल येतील का?

तात्पुरते येतील. रिबॉन्डिंगमध्ये केसातले पक्के, डायसल्फाइड बंध तोडून सरळ आकारात पुन्हा जोडलेले असतात, त्यामुळे केस पाणी लागताच सरळ होणार. शिवाय तो केस आधीच कमकुवत झालेला असतो. फ्लेक्सी रॉड किंवा पट्टा वापरा. नवीन वाढलेली मुळं आणि सरळ केलेला भाग यांच्या सांध्यावर केस सगळ्यात लवकर तुटतो; तिथे क्लिप किंवा रबर लावू नका.

२२. मग घरीच पर्मिंग केलं तर? कायमचा प्रश्न मिटेल.

मुळं वाढतील तसा तो पुन्हा उभा राहतोच. पर्मिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन पक्के बंध तोडतं, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं न्यूट्रलायझर ते नव्या आकारात जोडतं. वेळ काही मिनिटांनी चुकली तर केस जळाल्यासारखा होतो, आणि लांब केसांत पहिल्या रॉडपासून (इथे रॉड म्हणजे केस गुंडाळायच्या, न तापणाऱ्या नळ्या) शेवटच्या रॉडपर्यंत रसायन लावेस्तोवर तेवढी मिनिटं सहज जातात. एकट्याने, पाठीवरच्या केसांना, आरशात बघून करण्याचं हे काम नाही. ब्लीच किंवा रिबॉन्डिंग केलेल्या केसांवर तर कुणाकडूनही करून घेऊ नका. धातूचे क्षार मिसळलेली तयार काळी मेंदी लावत असाल तर ते पार्लरमध्ये आधी सांगा, पेरॉक्साइडशी तिची प्रक्रिया होऊन केस तापतो आणि तुटतो.

२३. माझे केस नुसते पिंजारलेले राहतात, ना सरळ ना कुरळे. कर्ल कसे करू?

कदाचित तुमचे केस मुळातच नागमोडी आहेत आणि कोरडे असताना विंचरल्यामुळे पिंजारतात. तपासायला सोपं आहे: धुवा, ओले असतानाच रुंद कंगव्याने गुंता काढा, भरपूर ओल असताना जेल लावा, मुठीत धरून टोकांकडून वर दाबा, आणि वाळेपर्यंत अजिबात हात लावू नका. वाळल्यावर जेलचा कडक पापुद्रा आला तर तो मुठीत चुरगळून मोडा. खाली वळणं दिसली तर रॉडची गरजच नाही. अशा केसांना सकाळी पाण्याचा हलका फवारा मारला की वळण परत येतं, कारण ते वाढतानाच वळलेले असतात.

२४. क्लिपवर लावायच्या एक्स्टेन्शनलाही रॉड लावू का?

माणसाच्या केसांचं असेल तर लावा, डोक्यावर नव्हे, हँगरला अडकवून. क्लिपा आणि निवण्याचा वेळ तसाच. कृत्रिम धाग्याचं असेल तर वेष्टनावर उष्णता चालते असं लिहिलेलं असल्याशिवाय लावू नका. तो धागा वितळून रॉडला चिकटतो. आधी आतल्या बाजूचे चार धागे घेऊन पाहा.

२५. रॉड मानेला लागला, आता काय?

चटका बसलेली जागा वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. मानेला नळ पुरत नसेल तर ओलं कापड, सतत बदलत. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नको. फोड आला तर फोडू नका. तो मोठा असेल किंवा चटका चेहऱ्यावर असेल तर डॉक्टरांना दाखवा.